वापरलेल्या करवतीचा हिशेब

दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली, की कोकणातल्या तालुक्यांच्या गावी एक विशिष्ट मजकूर फिरू लागतो. पूर्वी अशा रीतीने डिझेलपंप आणि जुन्या सायकली विकल्या जात. आता मोबाईलवरच्या गटांतून एका लाल किंवा नारिंगी यंत्राचे छायाचित्र येते आणि खाली चार ओळी असतात : 'चेनसॉ विकणे आहे. वापर कमी. चालू कंडिशन. विकण्याचे कारण : गरज नाही.' आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला 'गरज नाही' हे शब्द दिसले, की तिथेच थांबायची सवय लागलेली असते. ज्याची गरज नाही ते मुळात घेतले कशासाठी, आणि ज्याची याला गरज उरली नाही त्याची दुसऱ्याला गरज का पडावी, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही कुणाच्या अर्जावर सही करत नसू.

चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत. गावात तिला कुणी 'कटर' म्हणते, कुणी नुसतेच 'मशीन'. सरपण तोडायला म्हणून ती घेतली जाते आणि बहुतेक वेळा जुनी, वापरलेली घेतली जाते, कारण नव्या, नावाजलेल्या यंत्राची किंमत साध्या शेतकऱ्याच्या छातीत धडकी भरवते. शहरातल्या वाचकाला वाटेल, एका जुन्या करवतीचे इतके काय? परंतु मुंबईच्या बेकरीतला पाव, स्मशानातली चिता, वीटभट्टीचा जाळ आणि सुट्टीपुरत्या बांधलेल्या बंगल्यातली शेकोटी या साऱ्यांना लाकूड पुरवणारी साखळी हल्ली याच करवतीच्या साखळीला जोडलेली आहे. तेव्हा हा हिशेब एकट्या गावकऱ्याचा नाही.

ही यंत्रे इतक्या संख्येने आली कुठून? माझ्या पाहण्यात उत्तर रत्नागिरी आणि दक्षिण रायगडपुरते त्याचे एक कारण स्पष्ट आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळी, आंबे, फणस, सुरू अक्षरशः आडवे झाले. रस्ते झाडांखाली, घरे झाडांखाली, विजेचे खांब झाडांखाली. कुऱ्हाडीने ही झाडे तोडत बसायचे तर पावसाळा संपला असता. त्या दिवसांत ज्याच्याकडे कटर तो राजा. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि वाडीतल्या एका यंत्राच्या आवाजावर लोक आपला दिवस लावत. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' आले आणि किनाऱ्याने वर सरकताना आंबा-काजूच्या बागा मोडून गेले. या दोन वादळांनी कोकणाला चेनसॉची ओळख घट्ट करून दिली. संकटात घेतलेले ते यंत्र संकट सरल्यावर पडवीत टांगून राहिले आणि तेथून हळूहळू दुसऱ्या, तिसऱ्या हाती गेले. त्याच सुमारास स्वस्त चिनी बनावटीची यंत्रेही बाजारात आली. पेट्रोल इंजिनाची करवत मोबाईलच्या किमतीत मिळू लागली.

या यंत्राची कुळकथा पाहण्यासारखी आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील या अभियंत्याने १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली आणि तीन वर्षांनी पेट्रोलवरची. ती उचलायला दोन माणसे लागत. एका माणसाला पेलेल असे यंत्र यायला १९५० साल उजाडले. मधल्या काळात अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने कुजक्या ओंडक्यात एका किड्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती अळी सरळ खात नव्हती, डावी-उजवीकडे आलटून पालटून कुरतडत होती. त्यावरून त्याने साखळीचे दात बनवले आणि १९४७ साली ते बाजारात आणले. आजही जगभरच्या चेनसॉच्या दातांचा आकार त्याच अळीच्या जबड्यावरून घेतलेला आहे. लाकूड खाणाऱ्या किड्याला आपण इंजिन बसवले आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचा विचार सोपा होतो.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. सरपण तोडण्यावर आपल्याकडे आजवर सगळ्यात मोठा लगाम कोणता होता? कायद्याचा नव्हे, धर्माचाही नव्हे. देवराया सोडल्या, तर माणसाच्या खांद्याचा होता. कुऱ्हाडीने दिवसभरात जेवढे तुटेल तेवढेच तुटे. मोठे झाड पाडायचे म्हणजे दोन माणसांचा दिवस गेला, वर मजुरी, न्याहारी आणि चहा. त्यामुळे शहाणा शेतकरी मोठ्या झाडाच्या वाटेला जातच नसे. तो वाळकी फांदी पाही, वठलेला फणस पाही, ऐन-किंजळाच्या फांद्या छाटी. राबासाठी 'कवळ' तोडण्याची कोकणातली रीतच अशी आहे, की माणूस कोयती घेऊन झाडावर चढतो, डहाळ्या उतरवतो आणि बुंधा तसाच ठेवतो. पुढल्या पावसात त्याला पुन्हा पालवी फुटते. वर्षानुवर्षे सोललेला तो ऐन दिसायला कुरूप दिसे, पण जिवंत असे.

चेनसॉने नेमका येथेच फरक केला, आणि तो नुसता वेगाचा नाही. कोयती कमरेच्या आकड्याला अडकवून झाडावर चढता येते. चालू यंत्र घेऊन चढणे हे जिवावरचे काम आहे. त्यासाठी वेगळी हलकी करवत लागते, दोर लागतात, पट्टे लागतात, शिकलेला माणूस लागतो. आपल्या वापरलेल्या, जड यंत्राचा मालक यातले काहीच करत नाही. तो जमिनीवर उभा राहतो. आणि जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या करवतीसमोर फांदी येत नाही, बुंधा येतो. फांदी तोडून झाड राखण्याची रीत होती, तिच्या जागी झाड पाडून फांद्या गोळा करण्याची रीत आली. कुणी ठरवून हे केलेले नाही. यंत्राच्या वजनाने ते ठरवले.

दुसरा फरक पैशाचा आहे, आणि तो मला अधिक ओळखीचा वाटतो. वाचकांनी माझ्याबरोबर एक छोटा हिशेब मांडावा. आकडे केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत, आपापल्या गावचे घालून पाहावेत. समजा, वापरलेले यंत्र १२,००० रुपयांना मिळाले. नवी साखळी, पट्टी, सफाई-दुरुस्ती यांवर आणखी ३,००० गेले. झाले १५,०००. घराला वर्षाचे सरपण तोडून-फोडून घ्यायला माणूस लावला असता तर ५,००० लागले असते. यंत्र घेतल्याने हे सगळे वाचत नाही, कारण चेनसॉ लाकडाचे आडवे तुकडे करते. ते उभे फोडायला शेवटी कुऱ्हाडच लागते. म्हणजे वाचले फार तर २,०००. त्यातून पेट्रोल, ऑईल, कानस, साखळीची झीज यांचे ८०० वजा केले, की वर्षाकाठी हाती १,२००. या दराने १५,००० रुपये फिटायला साडेबारा वर्षे लागतील. तिसऱ्या हाताचे यंत्र साडेबारा वर्षे टिकेल अशी हमी विकणारा आपल्या कुलदेवतेच्या नावानेही देणार नाही.

म्हणजे निव्वळ घरच्या चुलीसाठी हे यंत्र परवडत नाही. मग ते घेणारा काय करतो? तो दुसऱ्याचे लाकूड तोडायला जातो. आधी शेजाऱ्याचे, मग वाडीचे, मग ठेकेदाराचे. तासाच्या भाड्याने गेले तर तेच यंत्र एका हंगामात वसूल होते. आमच्या बँकेच्या भाषेत, बसून राहिलेले यंत्र व्याज खाते. गावच्या भाषेत, दारात बांधलेला बैल चारा खातो. एकदा भांडवल अडकले, की ते फिरवावे लागते. कर्ज फेडायचे म्हणून ट्रॅक्टर रात्री वाळू वाहायला गेलेले मी नोकरीत असताना पाहिले आहेत. अर्जात मात्र 'नांगरणीसाठी' असेच लिहिलेले असायचे, आणि लिहिणारा खोटारडा नसायचा. त्याचा हेतू खरोखर नांगरणीचाच होता. हप्त्याने त्याचा हेतू बदलला. सरपणासाठी घेतलेल्या चेनसॉचे हेच होते.

याचा अर्थ कुणी यंत्र घेऊच नये असा नाही. वादळानंतर ज्याने घरावरचे झाड हलवले त्याला यंत्राचे महत्त्व मी सांगण्याची गरज नाही. शिवाय गावात माणूस मिळत नाही ही तक्रार खरी आहे. मुले मुंबई-पुण्याला, मागे साठी उलटलेले आई-वडील. त्यांनी कुऱ्हाड उचलावी, असे सांगणे सोपे आहे. उचलणे सोपे नाही. तेव्हा ज्याला घ्यायचेच आहे त्याने डोळस असावे, म्हणून या यंत्रांवर हात काळे करणाऱ्या कारागिरांकडून जे ऐकले-पाहिले ते येथे देतो.

पहिली गोष्ट, यंत्र थंड असताना पाहावे. 'काका, तुम्ही पोचायच्या आधी मशीन तापवून ठेवलेलं असेल, तर समजा थंडपणी ते सुरू होत नाही,' असे एका मेकॅनिकने मला सांगितले. सायलेन्सरला हात जवळ नेला तरी ऊब कळते. मग चालू करण्याची दोरी हळू ओढावी. दोरीला घट्ट अडकाव जाणवला पाहिजे. ती सुतासारखी सरसर आली, तर आतल्या रिंगा झिजलेल्या असण्याचा संभव मोठा. हे दोन-स्ट्रोकचे इंजिन आहे. त्याला वेगळी ऑईलची टाकी नसते, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते. यंत्राप्रमाणे आणि ऑईलप्रमाणे लिटरला २० ते ४० मिलिलिटर. आधीच्या मालकाने एकदा जरी घाईत नुसते पेट्रोल घातले असेल, तर पिस्टनवर ओरखडे उठतात. सायलेन्सरचे दोन-तीन स्क्रू काढले, की आतला पिस्टन दिसतो. तो गुळगुळीत असावा. उभे चरे दिसले, तर किंमत कितीही कमी असो, निरोप घ्यावा. स्क्रू काढू द्यायला विकणारा तयार नसेल, तर ओरखडे आहेतच असे समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते; देशाने हे उद्दिष्ट २०२५ साली गाठले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने टाकीत पेट्रोल ठेवून टांगलेल्या यंत्राच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे यांची काय अवस्था होत असेल, ते सांगायला नको. 'वापर कमी' ही म्हणून नेहमीच जमेची बाजू नसते. रोज चालणारे यंत्र पुष्कळदा पडून राहिलेल्या यंत्रापेक्षा निरोगी निघते. माणसांचेही तसेच आहे म्हणा.

तिसरी गोष्ट साखळीची. यंत्र चालू करून नुसते धरले, वेग दिला नाही, तर साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. ती फिरत राहिली, तर इंजिनाची जुळणी किंवा क्लच बिघडला आहे. पट्टीचे टोक एखाद्या पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून वेग द्यावा. पुठ्ठ्यावर ऑईलची बारीक रेघ उमटली, तर साखळीला ऑईल पोचते आहे. पट्टीच्या दोन्ही कडा सारख्या आहेत का, ते पाहावे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पुढच्या मुठीसमोर जी प्लास्टिकची आडवी ढाल असते ती जागेवर आहे का, आणि ढकलली की साखळी तत्क्षणी थांबते का, ते तपासावे. तो साखळीचा ब्रेक आहे. जुन्या यंत्रांवर तो मोडलेला किंवा 'मध्ये मध्ये येतो' म्हणून काढून टाकलेला आढळतो.

त्या ब्रेकशिवायचे यंत्र फुकट दिले तरी घेऊ नये. चालू पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा दुसऱ्या फांदीला लागला, की यंत्र उलटे उसळते. साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या घरात असतो. पापणी लवायच्या आत पट्टी चालवणाऱ्याच्या खांद्याकडे, मानेकडे येते. त्या क्षणी ब्रेक आहे की नाही, एवढाच फरक उरतो. ब्रिटनसारख्या देशात कामावर चेनसॉ चालवणाऱ्याला रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याच्या अंगावर साखळी अडवणारी खास विजार, डोक्यावर शिरस्त्राण, कानांवर आवाज रोखणारे झाकण असते. आपल्याकडे लुंगी, पायात रबरी चप्पल आणि कानात फार तर कापसाचा बोळा. यंत्राचा आवाज चालवणाऱ्याच्या कानापाशी शंभर डेसिबलच्या वर जातो. वर्षानुवर्षे हादरे बसून बोटांतले रक्त कमी होते, ती पांढरी पडतात, बधिर होतात, हा जंगलकामगारांचा जुना रोग आहे. १९७० च्या दशकापासून हादरे शोषणारे रबर बसवलेली यंत्रे त्यासाठीच रूढ झाली; पण तिसऱ्या हाताच्या यंत्रातले ते रबर कधीच कडक झालेले असते. नव्या आणि जुन्या यंत्राच्या किमतीतला जो फरक वाचला म्हणून आपण समाधान मानतो, त्यातला मोठा भाग चालवणाऱ्याने आपले कान, बोटे आणि मांडी तारण ठेवून उचललेला असतो.

आता कागदाचे पाहू. जुनी स्कूटर घेताना आपण नोंदणीचे पुस्तक मागतो, इंजिनाचा क्रमांक जुळवतो, विमा पाहतो. जुना ट्रॅक्टर घेताना त्यावर बँकेचा बोजा आहे का, हे विचारतो. जुनी चेनसॉ घेताना काय मागतो? काहीच नाही. बहुधा मूळ बिल नसते, कधी क्रमांकाची पट्टी खरवडलेली असते. यंत्र चोरीचे आहे की बचतगटाच्या पैशातून घेतलेले, कळायला मार्ग नाही. फिलिपिन्स हा बेटांचा देश, आपल्या कोकणासारखाच पावसाचा आणि वादळांचा. जंगलतोडीला कंटाळून त्यांनी २००२ साली चेनसॉसाठी स्वतंत्र कायदा केला. तेथे यंत्र बाळगायचे, विकायचे किंवा विकत घ्यायचे, तर सरकारी परवाना आणि नोंदणी लागते. जुने यंत्रही त्यातून सुटत नाही. कायद्याने तिकडची सगळी बेकायदा तोड थांबली, असे कुणी म्हणणार नाही. पण जंगलात एखादे बेवारस यंत्र सापडले, तर ते कुणाचे, हा प्रश्न निदान विचारता येतो.

आपल्याकडे कायदा आहे तो झाडाकडे पाहतो. राज्यात झाडे तोडण्याचे नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. साग, आंबा, फणस, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी ठरावीक झाडे स्वतःच्या जमिनीतली असली, तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. त्यातला दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९६४ साली हजार रुपये म्हणजे कारकुनाचे काही महिन्यांचे पगार; आज एका ट्रकच्या डिझेललाही ते पुरत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा दंड झाडामागे पन्नास हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, आणि त्या आकड्यावर मोठा वाद झाला. स्वतःच्या बागेतला वठलेला फणस काढणाऱ्या म्हातारीलाही हाच दंड काय, हा शेतकऱ्यांचा प्रश्न चुकीचा नाही. तिकडे ३१ जुलै २०२४ रोजी केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा काढला. सहा राज्यांतले सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातले १७,३४० महाराष्ट्रातले. २०१४ पासून हे मसुदे निघत आले आहेत. त्यांत खाणी, वाळू उपसा, औष्णिक वीज, मोठी बांधकामे यांचा विचार आहे, आणि तो हवाच. परंतु या साऱ्या कागदांत, हाती उचलून नेता येणाऱ्या आणि डोंगराचा डोंगर उतरवू शकणाऱ्या या लहानशा यंत्राची दखल मला कुठे दिसली नाही. कुऱ्हाडीच्या काळात लिहिलेल्या कायद्याने गृहीत धरले होते, की झाड तुटायला वेळ लागेल आणि तेवढ्यात वनरक्षक पोचेल. आता वनरक्षक वाटेतच असतो, आणि समोरून भरलेला टेम्पो येतो.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसते. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक रान खाजगी मालकीचे आहे. सातबारावर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत. डोंगरावरच्या रानाचे उत्पन्न काहीच नाही. ठेकेदार येतो, अंगावरच्या अंगावर सौदा करतो, सगळ्यांना थोडे थोडे पैसे पोचतात. पूर्वी त्या रानात टोळी घालायची म्हणजे महिना-दोन महिने माणसे पोसावी लागत. त्या खर्चामुळे लहान, विरळ रान सुटून जाई. आता दोन यंत्रे आणि चार माणसे पुरतात, म्हणून लहान रानही परवडते. शेवटी हा प्रश्न चांगल्या-वाईट माणसांचा उरत नाही. तोडणीचा खर्च उतरला, की जे झाड कालपर्यंत तोडायला महाग होते ते आज स्वस्त होते. इतका साधा तो हिशेब आहे.

लाकडाला गिऱ्हाईक आहे म्हणून हे चालते, हेही विसरता येणार नाही. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी दूरवर पोचली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात ५८.६ टक्केच होती. आणि पाहणी स्वयंपाकाचे विचारते, न्हाणीघराचे नाही. कोकणात गॅसवर भात शिजवणाऱ्या घरातही अंघोळीचे पाणी लाकडावर तापते. हे झाले घरचे. शहराचे पाहा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. चर्चा झाली ती पावाच्या चवीची, इराणी बेकऱ्यांच्या भवितव्याची आणि मुंबईकरांच्या फुप्फुसांची. ते लाकूड कुठून येत होते, आणि भट्ट्या बदलल्यावर ते तोडणाऱ्याने काय करावे, यावर फारसे कुणी बोलले नाही. जो आज भाड्याने यंत्र चालवतो आहे तो उद्या त्याच रानातून दुसरे गिऱ्हाईक शोधील.

मग करायचे काय? बंदीची मागणी मी करणार नाही. बंदी आली, की यंत्र आणखी अंधारात जाते आणि चालवणारा आणखी लाचार होतो. मला तीन साध्या गोष्टी सुचतात, आणि तिन्ही हिशेबातूनच आलेल्या आहेत.

पहिली, यंत्राला कागद असावा. ग्रामपंचायतीत एक वही ठेवली, त्यात यंत्राचा क्रमांक, मालक आणि विक्री झाली तर नवा मालक एवढेच लिहिले, तरी पुरे. याला नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. एखाद्या ग्रामसभेने ठराव करावा. घेणाऱ्यानेही साध्या कागदावर का होईना, क्रमांक लिहून विकणाऱ्याची सही घ्यावी.

दुसरी, सरपणासाठीचे यंत्र एकेका घराने घेऊ नये, वाडीने घ्यावे. वरचा हिशेब दहा घरांत वाटला, की माणशी दीड हजार येतात, आणि साडेबारा वर्षांचा प्रश्न सव्वा वर्षावर येतो. मुख्य म्हणजे हप्ता डोक्यावर नसल्याने ते यंत्र ठेकेदाराच्या दारात जाऊन उभे राहत नाही. दहा घरांनी मिळून चांगले, ब्रेक शाबूत असलेले, नवे यंत्र घेणेही आवाक्यात येते. शिरस्त्राण आणि विजार एकेकच लागेल. चालवायला एकच मुलगा नेमावा, त्याला नीट शिकवावे आणि त्याचा विमा उतरवावा. विकास सोसायट्या आणि बचतगट यांनी याहून अवघड कामे केलेली आहेत.

तिसरी, काय तोडायचे ते यंत्र सुरू करण्यापूर्वी ठरावे. वठलेले, वादळात पडलेले, काजूच्या बागेतून काढायचे जुने झाड, रस्त्याकडेचे अकेशिया, एवढ्यावर पुष्कळ घरांचे भागते. तोडही थंडीतच व्हावी. ताज्या लाकडाच्या वजनात पुष्कळ जातींत निम्म्याच्या आसपास पाणी असते. मार्गशीर्षात तोडून, फोडून, रचून ठेवलेले लाकूड पावसाळ्याच्या बेगमीला कोरडे होते आणि कमी लागते. वैशाखात घाईने तोडलेले ओले लाकूड धूर जास्त आणि आच कमी देते, म्हणून दीडपट जाळावे लागते. तो धूर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत जातो. यंत्र विकत घेणाऱ्याच्या नव्हे. घरातल्या खर्चाच्या वहीत हा रकाना कधीच नसतो.

शहरातून गावी घर बांधणाऱ्यांना वेगळे सांगायचे आहे. वर्षातून दहा दिवस शेकोटी पेटवायला यंत्र विकत घेऊ नका. गावात जो नीट काम करतो त्याला बोलवा, योग्य पैसे द्या, आणि त्याच्या कानावर झाकण आहे का, ते पाहा. नसेल, तर ते आणून द्या. एका रविवारच्या जेवणापेक्षा ते स्वस्त पडते.

बँकेत एक नियम आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवत : वस्तूची किंमत विकणारा सांगतो, तिचा खर्च मात्र आपल्याला शोधावा लागतो. जुन्या चेनसॉची किंमत बारा हजार असेल, घासाघीस केली तर दहाला मिळेल. खर्चाच्या बाजूला मात्र चालवणाऱ्याचे कान, चुलीपुढचे डोळे आणि पन्नास वर्षांचा एक ऐन मांडायचा राहून जातो. हे रकाने भरूनही जमाखर्चाचा मेळ बसत असेल, तर यंत्र खुशाल घ्यावे. पुष्कळ घरांत तो बसतोही. पण रकाने भरल्यावाचून सही करू नये.